अंगणातली विसरलेली टाकी

वर्षाचं तिखट कधी कुटायचं, गहू कोणत्या महिन्यात भरायचे, लोणच्याच्या कैऱ्या कधी आणायच्या, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. गॅसचा सिलिंडर कधी लावला, दुधाचे खाडे किती झाले, धाकट्याची लस कोणत्या तारखेला, हे सगळं भिंतीवरच्या कालनिर्णयावर टिपलेलं असतं. पण संडासाची टाकी, म्हणजे आपली सेप्टिक टँक, शेवटची कधी उपसली याची नोंद किती घरांत सापडेल? शेजारीपाजारी विचारून पाहा. "मामंजी होते तेव्हा बहुधा," "अहो, घरच नवीन आहे आमचं, बारा तर वर्षं झाली," अशी उत्तरं मिळतील.

विषय नाक मुरडण्यासारखा आहे खरा. चारचौघींत, चहा पिताना काढावा असा तर नाहीच. पण लहान शहरांत, तालुक्याच्या गावी, गावाबाहेरच्या नव्या वसाहतींत भुयारी गटार पुष्कळ ठिकाणी पोचलेलं नाही. तिथल्या घरांचा सगळा मैला अंगणातल्या किंवा मागच्या बोळातल्या टाकीतच जातो. ती टाकी आपली आहे, तेव्हा तिची काळजीही आपल्यालाच घ्यायला हवी.

टाकीच्या पोटात काय चालतं?

टाकीत मैला आला की जड भाग तळाशी बसतो. त्याचा गाळ होतो. तेलकट, हलका भाग वर तरंगतो आणि त्याची साय धरते. मधल्या थरातलं, त्यातल्या त्यात निवळ पाणी दुसऱ्या कप्प्यातून पुढे जातं आणि शोषखड्ड्यात मुरतं. तळच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जिवाणू काम करत असतात. ते गाळाचा बराचसा भाग पचवतात, पण सगळा नाही. उरलेला गाळ वर्षावर्षाला चढत जातो. दह्याच्या भांड्यात विरजण लागतं तसा थोडा गाळ टाकीला हवाच असतो. भांडं विरजणानंच भरलं तर दूध घालायचं कुठं?

गाळ आणि साय मिळून टाकीची निम्मी खोली व्यापू लागली की मधल्या पाण्याला निवळायला जागाच उरत नाही. मग घाण जशीच्या तशी पुढे ढकलली जाते.

"आमची कधी भरतच नाही!"

हे वाक्य पुष्कळजणी कौतुकानं सांगतात. "टाकी मोठी बांधलीय हो, पंधरा वर्षं हात लावावा लागला नाही." पण टाकी तुंबली नाही म्हणजे ती ठीक आहे असं होत नाही. गाळ शोषखड्ड्यात गेला असेल, तर खड्ड्याभोवतीच्या मातीची छिद्रं हळूहळू बुजत असतील. एक दिवस पाणी मुरायचं थांबेल, आणि मग नुसती टाकी उपसून भागणार नाही, खड्डाच नवा करावा लागेल. टाकीचा पाइप थेट गटारात किंवा ओढ्यात सोडलेला असेल, तर आपला मैला इतकी वर्षं खालच्या आळीतून वाहतो आहे. आवारात विहीर असेल तर अधिकच सांभाळायला हवं. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान 18 मीटर, म्हणजे साठेक फूट, लांब असावा. घरात वरचेवर जुलाब, कावीळ होत असेल तर डॉक्टरांच्या औषधाबरोबर विहिरीच्या पाण्याची तपासणीही करून घ्यावी.

किती दिवसांनी उपसायची?

साध्या घरासाठी दर दोन-तीन वर्षांनी एकदा, हा हिशेब लक्षात ठेवावा. माणसं जास्त किंवा टाकी लहान असेल तर आधीच. पाणी सावकाश उतरणं, मोरीत गुडगुड आवाज येणं, टाकीजवळ वास सुटणं, शोषखड्ड्यावर जमीन ओली राहून गवत माजणं ही लक्षणं उशिराची. त्यांची वाट पाहत बसू नये.

दिवाळी झाल्यापासून होळीपर्यंतचे दिवस या कामाला चांगले. पावसाळ्यात जमीन आधीच पाण्यानं भरलेली असते, बोळात चिखल असतो, गाडी आत येत नाही. आणि गच्चीवर पापड-कुरडयांची वाळवणं पडायच्या आत हे काम उरकलेलं बरं, हे तुम्हाला सांगायला नकोच. घरात लग्न किंवा मुंज निघाली असेल तर याद्या करतानाच टाकीचीही आठवण ठेवा. पन्नास पाहुणे उतरले आणि हळदीच्या दिवशी संडास तुंबला, तर यजमानीण बाईची काय अवस्था होते ते अनुभवलेलीलाच ठाऊक!

घाईची किंमत

अशा ऐनवेळच्या घाईतच मोठी चूक होते. गाडी मिळत नाही, नाक्यावरून दोन माणसं बोलावली जातात, "तुम्ही उतरून काढता का? शंभर-दोनशे जास्त देऊ," असं कुणीतरी बोलून जातं. आणि माणूस उतरतो.

टाकीतला वायू डोळ्यांना दिसत नाही. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि पुढच्या श्वासाला कोसळतो. मिथेनमुळे आत प्राणवायू कमी पडतो आणि ठिणगी पडली तर भडका उडतो. झाकण रात्रभर उघडं ठेवलं तरी भरवसा नसतो, कारण गाळ ढवळताच त्यात अडकलेला वायू नव्यानं सुटतो. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. म्हणून अशा अपघातांत एकापाठोपाठ एक माणसं जातात.

डिसेंबर 2019 मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका खाजगी गृहनिर्माण संस्थेची टाकी साफ करताना तिघेजण गुदमरून गेले. त्यांच्या विधवांना न्यायासाठी मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. 17 सप्टेंबर 2021 रोजी न्यायालयानं त्यांना प्रत्येकी 10 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सरकारला दिला. पुढे 20 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई 30 लाखांवर नेली. रक्कम वाढली, पण तिन्ही घरांतला कर्ता माणूस काही परत आला नाही. आणि हे घडलं ते आपल्यासारख्याच कुटुंबांच्या बिऱ्हाडाखाली, एका साध्या, वेळेवर करता येण्याजोग्या कामापायी.

2013 च्या कायद्यानं, सुरक्षेची साधनं आणि खबरदारी पुरवल्याशिवाय कुणालाही सेप्टिक टाकी साफ करायला लावणं हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा ठेकेदारापुरता नाही. काम लावणारी कुणीही व्यक्ती त्यात येते. श्वासाचं यंत्र, दोर, वर उभी राहणारी सुटकेची माणसं यांची सोय घरगुती कामात कोण करणार? म्हणून आपल्यापुरता नियम सोपा: टाकीत माणूस उतरणार नाही. अर्धी टाकी राहिली तरी चालेल, गाडी दुसऱ्या दिवशी आली तरी चालेल. टाकीत कुणी पडलंच, तरी त्याच्या मागे दुसऱ्यानं उडी घ्यायची नाही; ताबडतोब अग्निशामक दलाला बोलवायचं.

गाडी बोलावताना

टाकी उपसायची गाडी नगरपालिकेकडे असते, नाहीतर खाजगी मिळते. गाडीवरच्या टाकीतली हवा पंप काढून घेतो आणि जाड नळीवाटे गाळ ओढला जातो. घरगुती टाकीला फार वेळ लागत नाही. कुणाला बोलवायचं हे पुरुषमंडळी ठरवत असली, तरी त्या वेळी घरात बहुधा आपणच असतो. तेव्हा एवढं पाहून घ्या:

1. झाकण कुठं आहे ते आधी शोधून ठेवा. नवी फरशी घालताना किंवा मोरी वाढवताना झाकण बुजवलेलं असतं आणि आयत्या वेळी पहारीनं फोडाफोड करावी लागते. फरशी घालतानाच तिथं उचलता येईल असं झाकण बसवून घ्या.

2. दोन्ही कप्पे उपसायला सांगा. पुष्कळदा पहिलाच उपसून गाडी निघून जाते.

3. घट्ट गाळ वरूनच पाणी मारून, लांब बांबूनं सैल करायला सांगा. टाकी खरवडून, धुऊन लख्ख करायची नसते. तळाला थोडा गाळ राहू द्यावा.

4. झाकण उघडं असताना काडी ओढू नका, वाकून पाहू नका, मुलांना घरात ठेवा. काम झाल्यावर झाकण पक्कं बसलं का ते पाहा. तडकलेलं झाकण लगेच बदला.

5. "हा मैला कुठं नेणार?" असं स्पष्ट विचारा. जवळपास प्रक्रिया केंद्र असेल तर तिथंच जायला हवा. गावाबाहेरच्या ओढ्यात ओतणार असेल तर दुसरी गाडी पाहा.

6. कामगारांना हातमोजे, बूट आहेत ना? काम झाल्यावर साबण आणि भरपूर पाणी द्या. आणि चहा द्याल तेव्हा फडताळाच्या कोपऱ्यातला वेगळा कप काढू नका.

टाकीत काय टाकू नये

सॅनिटरी पॅड, बाळाचे डायपर, केसांचे गुंतवळ, चहाचा चोथा, तळणीचं उरलेलं तेल यांतलं काहीही संडासात जाऊ देऊ नका. अॅसिड आणि जंतुनाशकं बाटल्याच्या बाटल्या ओतल्या तर टाकीतले उपयोगी जिवाणूच मरतात. "ही पावडर टाका, उपसायची गरजच नाही" असं सांगणाऱ्या विक्रेत्याला नम्रपणे नको म्हणा. कपड्याभांड्यांचं पाणी त्याच टाकीत सोडलेलं असेल तर पाण्याच्या लोंढ्यानं गाळ ढवळून पुढे जातो. शक्य असेल तिथं ते पाणी वेगळं काढावं.

पोळीभाजी केंद्र, खाणावळ, लॉज किंवा मंगल कार्यालय चालवणाऱ्या भगिनींनी घरचा हिशेब धंद्याला लावू नये. तिथली टाकी दर वर्षी उघडून पाहावी, गर्दीच्या जागी वर्षातून दोनदासुद्धा. स्वयंपाकघराच्या पाण्याच्या वाटेवर तेल-तूप अडवणारी लहान कुंडी बांधून ती ठरलेल्या दिवशी साफ करावी. लग्नसराईच्या आधीचा महिना त्यासाठी राखून ठेवावा.

वाई आणि सिन्नरनं काय केलं?

कृष्णाकाठच्या वाईत आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरला नगरपरिषदांनी यावर एक सोपा मार्ग काढला. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीनं त्यांनी भागांची आखणी केली आणि दर तीन वर्षांनी घरोघरची टाकी ठरलेल्या क्रमानं उपसायची योजना सुरू केली. तुंबल्यावर धावाधाव करायची नाही. आपल्या आळीचा क्रम आला की गाडी दारात. खर्च घरपट्टीबरोबरच्या स्वच्छता कराच्या वाटेनं, म्हणजे एकदम खिशाला चाट नाही. गाळ नेण्यासाठी प्रक्रिया केंद्रंही उभी केली. ही गावं काही फार श्रीमंत नाहीत. दोन लहान गावांना जमलं ते आपल्याही नगरपालिकेला जमू शकतं. महिला मंडळाच्या पुढच्या सभेत हा विषय घ्या, आपल्या प्रभागाच्या नगरसेविकेला बोलवा आणि आळीचा अर्ज तिच्या हाती द्या.

तोवर आपल्या घरापुरतं काम आजच करता येईल. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून शेवटचं साल शोधून काढा. कुणालाच आठवत नसेल तर मुदत उलटून गेली असंच समजा. गाडी ठरवा, काम पुरं झालं की तारीख लिहा, आणि ती कालनिर्णयावर न लिहिता झाकणाजवळच्या भिंतीवर तेलरंगानं लिहा. कालनिर्णय दर डिसेंबरला बदलतं. भिंतीवरची तारीख पुढच्या सुनेलाही वाचता येईल.