शिक्षकाच्या वर्गात कोण येते?

जानेवारी १९८२मध्ये गिरणी संप सुरू झाला, तेव्हा मी लालबागच्या एका शाळेत सहावीत होतो. वडील गिरणीत. संप लांबत गेला तशी वर्गातली बाके रिकामी होऊ लागली. कुणाला आई कोकणात घेऊन गेली, कुणी घाटावर, कुणी चहाच्या टपरीवर कामाला लागला. आमच्या वर्गशिक्षिका बाई संध्याकाळी चाळीचाळीतून फिरत. दारात उभ्या राहून एवढेच विचारीत, "सोमवारी येणार ना हा?" आमच्या खोलीवर त्या दोनदा आल्या. माझी शाळा सुटली नाही ती त्यांच्यामुळे. पुढे कॉलेज काही जमले नाही. जे वाचले ते नोकरी सांभाळून, ग्रंथालयांत बसून.

बाई निवृत्त झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी त्यांना भेटायला गेलो. शिकवायचे कसे, हे त्या कुठे शिकल्या, असे विचारले. अध्यापक विद्यालयातली दोन वर्षे सोडली, तर कुठेच नाही, असे त्यांचे उत्तर होते. बत्तीस वर्षांत त्यांच्या वर्गात साहेब आले, हजेरीपट आणि पाठाचे टाचण तपासून गेले. पण अपूर्णांक त्या कसे शिकवतात हे पाहायला शेजारच्या वर्गातली शिक्षिका कधी मागच्या बाकावर येऊन बसली नाही, आणि त्याही कुणाच्या वर्गात गेल्या नाहीत. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. मला मात्र तेव्हापासून हा प्रश्न सुटेना. त्याचा मागोवा घेताना मी गिरगाव आणि दादर या दोन ठिकाणी पोचलो.

दोन वाटा

मुंबईत शिक्षक घडवण्याचा विचार फार लवकर झाला. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षक तयार करण्यासाठी 'नॉर्मल क्लास' होता. १८४५ साली त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. 'दर्पण'कार म्हणून आपण त्यांना ओळखतो. शिक्षकांचे शिक्षक ही त्यांची ओळख मागे पडली. पुढच्याच वर्षी ते वारले. पण शिकवणे ही शिकण्याची विद्या आहे, ही जाण त्या वर्गामागे होती.

दुसरी वाट त्यानंतर लगेच दिसते. १८४८ साली स्थापन झालेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी १८४९मध्ये मुलींच्या शाळा काढल्या. दादाभाई नौरोजी त्यांतलेच. हे तरुण विनावेतन शिकवीत. मराठी मुलींच्या शाळेला नाना शंकरशेटांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली. विरोध मोठा होता, आणि त्यागाशिवाय त्या शाळा उभ्याच राहिल्या नसत्या.

पहिली वाट कौशल्याची, दुसरी सेवेची. दोन्ही हव्यातच. मात्र पुढच्या काळात आपण शिक्षकाच्या त्यागाचे गोडवे गात राहिलो आणि त्याचे कौशल्य रोज वाढत राहील अशी जागा शाळेत ठेवायला विसरलो. गुरुपौर्णिमेला फूल आणि ५ सप्टेंबरला भाषण एवढ्यावर आपले कर्तव्य संपते.

हिंदू कॉलनीतला प्रयोग

या दोन्ही वाटा एका आवारात आणण्याचे काम दादरला झाले, आणि ते ताराबाई मोडक यांनी केले. ताराबाई मूळ मुंबईच्या, जन्म १८९२चा. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या पहिल्या भारतीय प्राचार्य. शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेची प्रमुख होणे, त्या काळच्या बाईसाठी याहून मोठे पद ते कोणते? ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. शिक्षिका घडवायच्या तर आधी मुलांत बसले पाहिजे, असा त्या निर्णयाचा अर्थ मी लावतो. १९२६मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला.

१९३६ साली ताराबाईंनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केले. त्याला जोडूनच शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर होते. माझ्या दृष्टीने महत्त्व आहे ते या 'जोडून'ला. शिकवण्याचे शास्त्र एका इमारतीत आणि मुले दुसऱ्या, असा प्रकार नव्हता. व्याख्यानात ऐकलेली गोष्ट खरी आहे की नाही, याचा पडताळा शेजारच्याच खोलीत मिळू शकत होता. चार वर्षांचे मूल मणी ओवताना कुठे अडते, बाईंनी मदत केव्हा करायची आणि केव्हा हात मागे घ्यायचा, हे पुस्तकातून कळत नाही. दुसरीला पाहून आणि आपले काम दुसरीला दाखवून कळते. शिवाय 'शिक्षणपत्रिका' होती. तिच्या मराठी आवृत्तीच्या संपादक ताराबाईच. वर्गातला अनुभव लिहिण्याजोगा असतो, हा विश्वास तिने शिक्षकांना दिला.

पुढे १९४५मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, आणि १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, या विचारातून 'अंगणवाडी' आली. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ते नाव देशभर गेले. नाव गेले, पण दादरच्या त्या शेजारच्या दोन खोल्या बरोबर गेल्या नाहीत. अंगणवाडीतल्या बाईला 'सेविका' म्हटले गेले आणि तिला वेतनाऐवजी मानधन मिळाले.

सेवक आणि मानधन

हेच दोन शब्द पुढे शाळेतही आले. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना सुरू झाली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काढायची. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला २०२३पर्यंत महिन्याला ६,००० रुपये मिळत होते. त्या वर्षी ते १६,००० झाले. परळ-लालबागमध्ये भाड्याच्या खोलीत राहून या पैशांत भागते का, हे वाचकांना सांगायला नको. म्हणजे ज्या तीन वर्षांत शिक्षकाला आधाराची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी तीच आपण परीक्षा पाहण्याची वर्षे ठरवली.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने शिक्षकाला अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे म्हटले. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका मात्र वगळल्या. मुंबईतल्या शिक्षकांना विचारा, या तीन अपवादांत वर्षाचे किती दिवस जातात. १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. शिक्षकाची पात्रता तपासू नये असे मी म्हणणार नाही. पण तपासणे वेगळे आणि घडवणे वेगळे. वजनकाट्यावर रोज उभे केल्याने मुलाचे वजन वाढत नाही.

घडवणे कसे असते, याचे एक उदाहरण जपानचे. तिथे 'जुग्यो केंक्यू' म्हणजे पाठाचा अभ्यास ही जुनी पद्धत आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण तो वर्गात शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून मुलांकडे पाहतात. नंतर चर्चा होते ती शिक्षकाची नव्हे, पाठाची. मूल कुठे अडले? का अडले? यासाठी लागतो तो वेळापत्रकातला राखीव वेळ, आणि एकमेकांचा धाक न वाटण्याइतका विश्वास.

हे आपल्याला परके नाही. नवा शिक्षक पूर्ण पगारावर, पण पहिले वर्षभर एका अनुभवी शिक्षकाच्या सोबतीने. प्रत्येक शिक्षकाला आठवड्यातून एक तास दुसऱ्याचा वर्ग पाहण्यासाठी. आणि वर्षाकाठी प्रत्येक शाळेतून शिक्षकांनीच लिहिलेली एक पुस्तिका. शिशुविहाराच्या आवारात यातले सार होते. गिरगाव-दादरच्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडत असताना हे सुचवणे काहींना भाबडे वाटेल. मला उलट वाटते. वर्गात मुले कमी आहेत, खोल्या मोकळ्या आहेत, जुन्या शिक्षकांच्या गाठीशी अनुभव आहे. ते निवृत्त होतील तेव्हा तो त्यांच्याबरोबरच जाईल.

निघताना मी बाईंना विचारले, अपूर्णांक तुम्ही कसे शिकवत होता? त्यांनी स्वयंपाकघरातून एक पोळी आणली, तिची घडी घातली, पुन्हा घातली, आणि मला विचारले, "आता सांग, मोठे काय, अर्धे की पाव? आणि का?" पुढचा पाऊण तास त्या शिकवत होत्या. बत्तीस वर्षांत त्यांच्या वर्गात मागे बसलेला, त्या कशा शिकवतात हे पाहणारा पहिला माणूस मी होतो, आणि मी शिक्षक नव्हतो.