मेलबर्नचे वार्तापत्र : खत न मानवणारी बाग

मेलबर्न, जुलै

तुमच्याकडे संग्रामपूरला वावरात डवरणी चालू आहे आणि इथे ऐन हिवाळा. सूर्य साडेसात वाजून गेल्यावर उगवतो, पाचच्या सुमारास मावळतो. दुपारचा पारा चौदा अंशांच्या आसपास घुटमळतो, रिमझिम येते-जाते, आणि एखाद्या निरभ्र पहाटे गवतावरच्या दवाचा बर्फ झालेला दिसतो. शहराच्या पश्चिमेला टारनीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, विंडम व्हेल अशा नव्या वस्त्या आहेत. तिथे मराठी कुटुंबे पुष्कळ. या दिवसांत त्या घरांत एक काम ठरलेले असते. तुळशीच्या आणि कढीपत्त्याच्या कुंड्या उचलून आत घ्यायच्या. फोनवर विचारपूस होते ती माणसांइतकीच कढीपत्त्याची, आणि तो एव्हाना पाने गाळून नुसती काडी झालेला असतो. त्याच गल्लीत, चार घरे सोडून, एखाद्या ऑस्ट्रेलियन जोडप्याच्या अंगणात मात्र झुडपे फुलांनी लगडलेली आहेत आणि त्यांवर पाखरांची भांडणे चालली आहेत. त्या झाडांना कोणी आत घेत नाही. हिवाळा हाच त्यांचा हंगाम.

कोरिया नावाचे कमरेएवढे झुडूप आहे. त्याची लांबट, लाल-हिरवी फुले खाली तोंड करून लोंबतात. बँक्सियाला वीतभर लांबीचे, नारिंगी तुरे येतात. ग्रेव्हिलियाच्या काही जाती वर्षभर फुलतात, पण रंगात येतात त्या थंडीतच. एपॅक्रिसच्या एका जातीच्या गुलाबी फुलाला व्हिक्टोरिया राज्याने 1958 मध्ये आपले राज्यफूल केले, तेही हिवाळ्यातलेच. कुंपणावर हार्डनबर्जियाची जांभळी वेल चढलेली दिसते. ती आपल्या वालाच्या कुळातली, फुलाचा आकार पाहिला की लगेच ओळखू येते. आणि जुलै सरता सरता वॉटल म्हणजे इथल्या बाभळी पिवळ्याधमक होऊ लागतात.

थंडीत फुलण्यामागे त्यांचा हिशेब आहे. गारठ्यात मधमाश्या आणि इतर किडे फारसे हिंडत नाहीत. पाखरांना मात्र रोज पोट भरावेच लागते. म्हणून कोरिया, बँक्सिया, ग्रेव्हिलिया यांनी आपला परागीभवनाचा व्यवहार बराचसा पक्ष्यांशी जोडला आहे. हनीईटर नावाचे लांब चोचीचे पक्षी आणि लोरिकीट पोपट त्यांच्या मधावर दिवस काढतात आणि कपाळाला परागकण माखून पुढच्या झाडावर जातात. आपल्याकडच्या अंबाबरव्याच्या जंगलात फाल्गुनात पळस आणि काटेसावर पाने झाडून फुलतात तेव्हा मैना, बुलबुल, कावळे असेच तुटून पडतात. तिथली तंगी उन्हाळ्याची, इथली थंडीची.

आता मातीचे सांगतो, कारण संग्रामपूरच्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो तो मातीचा. मेलबर्नच्या पश्चिमेचे सगळे मैदान ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे आहे. खाली बेसाल्ट, वर चिकण माती. आपले दख्खनचे काळे पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. इथला लाव्हा त्या मानाने कालचा, गेल्या काही दशलक्ष वर्षांतला. पण वागणूक तीच. पावसात माती फुगते, चिकटते, फावड्याला सोडत नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अनेक ठिकाणी ती चोपणही आहे, म्हणजे तिच्यात सोडियम जास्त, पाणी मुरत नाही. त्यावर इथला बागवाला जिप्सम टाकतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यासाठी अकोल्याचे कृषी विद्यापीठ जिप्समच सांगत आले आहे. एवढ्या लांब येऊन औषध तेच, हे पाहून मला बरे वाटले. पण साम्य इथेच संपते.

आपला शेतकरी झाड लावताना खड्ड्यात शेणखत घालतो, हात मोकळा असेल तर मूठभर डीएपीही. डीएपीच्या पोत्यावर 18:46 लिहिलेले असते. त्यातले 46 म्हणजे स्फुरद. हेच इथल्या बँक्सियाला आणि ग्रेव्हिलियाला केले तर झाड मरते. उपाशी राहून नव्हे, जेवून मरते. ऑस्ट्रेलियाची बरीचशी जमीन अतिशय म्हातारी आहे. तिथे हिमनद्यांनी खडक दळून नवी माती केली नाही, ज्वालामुखीनेही फारशी भर घातली नाही, आणि कोट्यवधी वर्षांच्या पावसाने होते ते स्फुरद धुऊन नेले. त्या मातीत जगण्यासाठी या कुळातल्या झाडांनी वेगळी मुळे घडवली. बारीक केसाळ मुळांचे दाट झुबके जमिनीच्या वरच्या थरात पसरतात, आम्ल सोडतात आणि मातीच्या कणाला घट्ट धरून बसलेले स्फुरद सोडवून घेतात. पिढ्यान्‌पिढ्या मिळेल तेवढे ओढून घ्यायचीच सवय लागल्यामुळे ‘पुरे’ म्हणण्याची सोय त्यांतल्या अनेकांजवळ उरलेली नाही. भरपूर दिले की भरपूर ओढतात, पानांच्या कडा करपतात, पाने पिवळी पडतात आणि झाड जाते. म्हणून इथल्या दुकानांत देशी झाडांसाठी कमी स्फुरदाचे वेगळे खत मिळते. जाणकार तेही हात आखडून घालतात.

मराठी घरांत याची अडचण होते ती भाजीच्या वाफ्यामुळे. मेथी, कोथिंबीर, मुळा यांच्यासाठी कोंबडीखत आणलेले असते, त्यात स्फुरद भरपूर. पावसाच्या पाण्याबरोबर ते उताराने शेजारच्या ग्रेव्हिलियाकडे जाते. वाफा खालच्या अंगाला आणि ही झाडे वरच्या अंगाला, एवढी मांडणी आधी ठरवली की तंटा मिटतो. वॉटल, बॉटलब्रश, निलगिरी मात्र याबाबतीत तितक्या नाजूक नाहीत.

दुसरी अडचण निचऱ्याची. दुकानात सर्वांत देखणी दिसणारी अनेक झाडे दूर पश्चिम ऑस्ट्रेलियातली, वाळूत वाढलेली. टारनीटच्या चिकण मातीत हिवाळाभर मुळे ओली राहिली की ती कुजतात. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे वरंबा करून त्यावर लावणे. हळद-आले लावणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. दुसरा कलमाचा. नाजूक ग्रेव्हिलियाचे कलम ग्रेव्हिलिया रोबस्टाच्या खुंटावर बांधतात, जसा आपल्या सातपुड्याच्या पायथ्याकडचा बागवान संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतो. हा रोबस्टा तुम्ही पाहिलेला आहे. आपल्याकडे त्याला सिल्व्हर ओक म्हणतात आणि दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यांत तो सावलीसाठी लावतात. आणखी एक गोष्ट नवख्याच्या ध्यानात येत नाही. इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो. हिवाळ्याचे ऊन हवे असलेली झाडे घराच्या उत्तरेला लावायची. दक्षिणेची बाजू महिनोन्‌महिने ओली आणि शेवाळलेली राहते.

लागवडही आताच चालते. जुलैच्या शेवटच्या रविवारी देशभर नॅशनल ट्री डे असतो. 1996 पासून ही प्रथा आहे. आपला वनमहोत्सव 1950 पासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात. एकीकडे पावसाळा, दुसरीकडे हिवाळा, तरी महिना एकच. इथे पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो, पण उन्हाळ्यात तो लगेच उडून जातो. थंडीत मात्र जमीन ओली राहते आणि मुळांना डिसेंबरपर्यंत खोल जायला सवड मिळते. म्हणून लोक मोठी झाडे विकत घेत नाहीत. अरुंद नळीएवढ्या कुंडीतली वीतभर रोपे घेतात. ती स्वस्त असतात आणि तीन-चार वर्षांत महागड्या झाडांना गाठतात. लावल्यावर वर लाकडाच्या ढलप्यांचे आच्छादन घालतात, खोडापासून चार बोटे दूर ठेवून. आपल्याकडे महाराष्ट्रात 2019 साली 33 कोटी झाडांचा संकल्प झाला होता. संकल्पांची उंची इथेही कमी नसते; फरक पडतो तो आच्छादनात आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांच्या पाण्यात.

ही आवड इथेही जुनी नाही. इंग्रज आले ते गुलाब, कॅमेलिया आणि हिरवळ घेऊन, आणि शंभर-सव्वाशे वर्षे इथली झुडपे म्हणजे उपटून टाकायचे रान होते. 1957 मध्ये आर्थर स्वाबी यांच्या पुढाकाराने मेलबर्नमध्ये देशी झाडे लावणाऱ्यांची संस्था उभी राहिली. तिच्या शाखा आज देशभर आहेत. पण सामान्य माणसाचे मत फिरवले ते दुष्काळाने. 1997 ते 2009 असा तो चालला. माणशी दिवसाला 155 लिटर पाण्यात भागवा, असे सरकारने 2008 मध्ये सांगितले. हिरवळी वाळल्या, गुलाब गेले आणि ज्या अंगणात कोरिया होती ते अंगण शिल्लक राहिले. आजही फवाऱ्याची यंत्रणा संध्याकाळी सहा ते सकाळी दहा याच वेळात चालवायची, असा नियम कायम आहे. आपल्याकडच्या वान धरणाच्या पाण्यावरून होणारी भांडणे माहीत असलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. माझ्या मते मराठी कुटुंबांनी ही झाडे लावण्याचे पहिले कारण सौंदर्य नसून पाण्याचे बिल हेच असावे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

‘देशी’ म्हणजे किती देशी, हा मात्र इथला खरा वाद. हा देश जवळजवळ भारताच्या अडीचपट आहे. पर्थकडची बँक्सिया टारनीटला तितकीच परकी, जितके काश्मिरातले चिनार संग्रामपूरला. टारनीटचे खरे देशी म्हणजे या बेसाल्टच्या मैदानावरचे गवत आणि त्यात वाढणाऱ्या लहान फुलझाडांच्या जाती. वडावरुंग आणि बुनुरोंग लोकांची ही भूमी. इथे मर्नोंग नावाचे पिवळ्या फुलाचे कंद मुबलक होते. हिवाळ्यात पाने येतात, वसंतात फूल, उन्हाळ्यात जमिनीखाली झोप. बायका काठीने खणून ते कंद काढत, आणि खणण्याने जमीन भुसभुशीत होऊन पुढच्या वर्षी कंद वाढत. 1830 च्या दशकात मेंढ्या आल्या. त्यांनी मर्नोंग मुळासकट फस्त केले आणि लोकांचे अन्न काही वर्षांत नाहीसे झाले. आता त्या मूळ गवताळ मैदानाचा पाच टक्क्यांहून कमी भाग उरला आहे, आणि त्यावरही घरे येत आहेत. त्या घरांत आपण राहतो, हे या पत्रात न लिहिणे बरे दिसले नसते.

याच भागातल्या मूळ रहिवाशांच्या एका कालगणनेत वर्षाचे सात ऋतू आहेत. एप्रिल ते जुलै हा वॉम्बॅट या प्राण्याचा ऋतू, ऑगस्ट हा ऑर्किडचा, सप्टेंबर-ऑक्टोबर बेडकांच्या पिल्लांचा. नक्षत्रांवर पेरणी करणाऱ्या आपल्या लोकांना ही मांडणी चार इंग्रजी ऋतूंपेक्षा लवकर पटेल. वॉटल फुलला की थंडी कलली, हे शेजारचा गोराही आता सांगतो. 1 सप्टेंबरला वॉटल दिन असतो.

या वॉटलवरून एक गंमत. शास्त्रीय भाषेत अकेशिया म्हणजे पूर्वी आपली बाभूळ आणि इथल्या हजारभर वॉटलही. संशोधकांनी हा गट मोडून वेगळा केला तेव्हा नाव कोणाकडे ठेवायचे यावर मोठा वाद झाला. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत कौल ऑस्ट्रेलियाकडे गेला आणि 2011 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले तेही मेलबर्नमध्येच. आपल्या धुऱ्यावरची बाभूळ आता व्हॅचेलिया. पण बाभळीने सूडही उगवला आहे. 1890 च्या दशकात सावलीसाठी आणि चाऱ्यासाठी आणलेली भारतीय बाभूळ क्वीन्सलंडच्या गवताळ प्रदेशात लाखो हेक्टरांवर पसरली. गुरे शेंगा खातात, शेणातून बी उगवते. हे काम आपल्याकडे शेळ्या करतात आणि कोणी तक्रार करत नाही. इथे ती राष्ट्रीय महत्त्वाचे तण म्हणून जाहीर झाली आहे.

सोनाळ्याकडच्या एका वाचकाने विचारले आहे, या फुलांचे बी पाठवता येईल का. येणार नाही. बाहेरून बी आणायला भारतात 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. पाकिटात घालून पाठवणे हा गुन्हाच. आणि पाठवले तरी कोरिया तुमचा एप्रिल पाहणार नाही, एपॅक्रिस तर मार्चमध्येच जाईल. ऑस्ट्रेलियाचे झाड हवेच असेल तर ते तुमच्या जवळच्या रोपवाटिकेतच आहे. निलगिरी नको, ती तुम्ही भरपूर पाहिली. सिल्व्हर ओकला निचऱ्याची जमीन लागते, म्हणून तो डोंगराच्या बाजूलाच बरा. बॉटलब्रश घ्या. त्यातही फांद्या लोंबणारी जात मागा. ती मूळची ओढ्याकाठची, त्यामुळे भारी काळ्या जमिनीत पाय चार दिवस ओले राहिले तरी कुरकुर करत नाही. फक्त फुले सरली की तुऱ्यामागून फांदी छाटा, नाहीतर वर्ष-दोन वर्षांत झाड शेंड्याला तेवढे हिरवे राहते.