नेसणे, घालणे आणि 'वेअर'

इंग्रजीत टोपी, सदरा, साडी, चष्मा या सगळ्यांना 'वेअर' हे एकच क्रियापद पुरते. आपल्या पातूरच्या घरात मात्र सदरा घालतात, लुगडे नेसतात, फेटा बांधतात, चष्मा लावतात आणि शाल पांघरतात.

ही नुसती शब्दांची हौस नव्हे. शिवलेल्या कपड्यात हात, डोके, पाय घालावे लागतात, म्हणून 'घालणे'. न शिवलेले वस्त्र कमरेभोवती गुंडाळून निऱ्या खोचायच्या, ते 'नेसणे'. व्याकरणही वेगळे. बाई म्हणते, 'मी झंपर घातला', पण 'मी साडी नेसले'.

मुलांची गल्लत होते ती पुढे. कपडा अंगावर चढवणे म्हणजे 'पुट ऑन'. तो अंगावर असणे म्हणजे 'वेअर'. 'आई साडी नेसते आहे' इथे 'पुट ऑन' हवे. 'आई साडी नेसली आहे' इथे 'वेअर'. 'वेअर आउट' म्हटले, की कापड विरते.

आता 'साडी घातली' असे मराठीतही सर्रास ऐकू येते. टेकडीवरच्या रेणुकामातेला मात्र आपण साडी नेसवतो. देवीपाशी राहिलेला हा शब्द घरातही राहावा. कापड वापराने विरते. शब्द न वापरल्याने.