सुट्टीतले तात्पुरते पालक

अमेरिकेत उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी लागली की असंख्य मुले तळ्याकाठच्या निवासी शिबिरांत दाखल होतात. तिथे त्यांचा सांभाळ करणारे 'काउन्सेलर' स्वतःच विशीच्या आतबाहेरचे असतात. सोळा-सतराव्या वर्षी, अनेकदा पदरचे शुल्क भरून, उमेदवारी करायची. त्यानंतर एका केबिनमधील मुलांची जबाबदारी मिळते. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या निकषानुसार निवासी शिबिरात सहा ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक कर्मचारी हवा. पोहताना लक्ष ठेवणे त्या मानाने सोपे. रात्री घराच्या आठवणीने रडणाऱ्या मुलाची समजूत काढताना या कोवळ्या पालकांचा खरा कस लागतो.

मोबदला मात्र तुटपुंजा असतो. वर्षातून सात महिन्यांपेक्षा अधिक न चालणाऱ्या शिबिरांना १९३८ च्या केंद्रीय श्रम कायद्यानुसार किमान वेतन आणि जादा कामाचा भत्ता देण्याचे बंधन नाही. त्यामुळे तासांचा हिशेब न करता संपूर्ण हंगामाचे ठोक मानधन दिले जाते. राहणे-जेवण फुकट, एवढाच दिलासा. याच कामासाठी 'जे-१' व्हिसावर जाणाऱ्या परदेशी तरुणांना मात्र अठरा वर्षे पूर्ण असण्याची अट आहे.