आकडा आला म्हणजे मोजमाप झालं का?

"ताई, कॉलेजात असताना आर्डुइनोवर बरेच प्रोजेक्ट केलेत. रिसर्चमध्ये त्याचा काही उपयोग होतो का?"

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: होतो, भरपूर होतो. पण छंद म्हणून केलेला प्रोजेक्ट आणि संशोधनासाठी वापरायचं उपकरण यांत एक मोठा फरक आहे. तो मला पहिल्याच वर्षी, पत्र्याच्या एका घरात, चांगलीच फजिती होऊन कळला. आज तेच सांगते, म्हणजे तुमचे दोन महिने तरी वाचतील.

आधी थोडी ओळख

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवर बसवलेला छोटासा संगणक. प्रोसेसर, मेमरी आणि बाहेरच्या जगाशी बोलायच्या पिना, सगळं एकत्र. आर्डुइनो ऊनो या बोर्डवर एटीमेगा३२८पी नावाची चिप असते. तिचा वेग १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रॅमसाठी जागा ३२ केबी आणि रॅम फक्त २ केबी. तुमच्या मोबाईलपुढे हे काहीच नाही, पण दर मिनिटाला एक तापमान मोजून मेमरी कार्डवर लिहायला एवढं पुष्कळ झालं.

आणि हो, हे सगळं विद्यार्थ्यांच्याच कामातून उभं राहिलंय बरं का. या चिपमागची एव्हीआर रचना नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या दोन विद्यार्थ्यांच्या, आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान यांच्या डोक्यातून निघाली. एर्नांदो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने इटलीतल्या इव्रेआ इथे २००३ मध्ये आपल्या मास्टर्सच्या प्रबंधासाठी 'वायरिंग' नावाची प्रणाली सुरू केली. २००५ मध्ये त्याच गावात आर्डुइनोचा जन्म झाला, तो वायरिंगच्याच पायावर. तेव्हा "हे तर पोरांचं खेळणं" असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

दोन घरं, दोन डबे

माझा विषय पत्र्याच्या घरांतला उन्हाळा. पत्र्यावर पांढरा रंग लावला तर आतलं तापमान किती उतरतं, हा प्रश्न. शेजारी शेजारी दोन घरं मिळाली. आकार सारखा, दारं एकाच दिशेला. एकाचा पत्रा रंगवला, दुसऱ्याचा तसाच ठेवला. दोन्ही घरांत एकेक डबा टांगला. डब्यात ऊनो बोर्ड, एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर, घड्याळाचं मॉड्यूल आणि मेमरी कार्ड.

दोन आठवड्यांनी डेटा उघडला आणि मी खुर्चीतून उठलेच. दुपारी तीन वाजता न रंगवलेल्या घरात सरासरी ४०.४ अंश, रंगवलेल्या घरात ३६.८. साडेतीन अंशांचा फरक! ग्राफ सुरेख, दुपारी फरक जास्त, रात्री कमी. अगदी हवा होता तसाच. गावात गेले तेव्हा न रंगवलेल्या घरातल्या काकूंनी विचारलं, "काय निघालं गं तुझ्या डब्यातून?" मी तोऱ्यात सांगून टाकलं, "काकू, साडेतीन अंश." बचत गटाचे पैसे उचलून आपणही तोच रंग लावायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

पहाटे चार वाजता रंग काय करतो?

माझ्या गाईडनी ग्राफ पाहिला. त्यांनी दुपारकडे बघितलंच नाही. पहाटेच्या चारवर बोट ठेवलं. "इथे १.४ अंशांचा फरक कसा?"

मी गप्प. पांढरा रंग ऊन परतवतो. पहाटे ऊन कुठे असतं? रात्रभरात दोन्ही पत्रे बाहेरच्या हवेबरोबर गार होतात, तेव्हा पहाटेपर्यंत दोन्ही घरं जवळपास सारखी व्हायला हवीत. फरक दिसत होता याचा अर्थ रंगाशी संबंध नसलेलं काहीतरी आकड्यांत शिरलं होतं.

इथे एक गोष्ट लिहून ठेवा: तुमच्या प्रयोगात परिणाम दिसायलाच नको अशी एक वेळ किंवा जागा आधीच ठरवा. आकडे आले की पहिल्यांदा तिथे बघा. हवा तो परिणाम दिसतोय का, हे आपण सगळेच उत्साहाने बघतो. नको तिथे दिसतोय का, हे बघायला शिकावं लागतं.

अदलाबदल

गाईड म्हणाले, "डबे बदलून लाव." एवढंच. इकडचा डबा चार्जरसकट तिकडे, तिकडचा इकडे. पुढचा आठवडा वाट पाहिली. दुपारी तीनला आता रंगवलेलं घरच साधारण १.२ अंशांनी जास्त गरम दिसत होतं! पहाटेचे १.४ अंश तेवढेच होते, फक्त उलट्या बाजूला. म्हणजे फरक घराबरोबर राहिला नाही, डब्याबरोबर फिरला.

या अदलाबदलीतून एक सोपं गणित निघतं. पहिला फरक म्हणजे खरा परिणाम अधिक डब्याची चूक. दुसरा फरक म्हणजे खरा परिणाम वजा डब्याची चूक. दोन्हींची बेरीज करून निम्मे केले की चूक कटते. दुपारसाठी: ३.६ आणि उणे १.२, बेरीज २.४, निम्मे १.२ अंश. पहाटेसाठी: १.४ आणि उणे १.४, उत्तर शून्य. दोन्ही आठवड्यांचं ऊन अगदी सारखं नसतं, म्हणून हा ढोबळ अंदाजच. पण साडेतीनाच्या जागी एक-सव्वा अंश, हे चित्र लख्ख झालं.

मग डबे जागेवर ठेवून फक्त चार्जर बदलले. चूक चार्जरबरोबर गेली. मल्टिमीटर लावला: एका बोर्डवरच्या ५ व्होल्टच्या पिनेवर ५.० व्होल्ट, दुसऱ्यावर ४.७. पहिल्या डब्याला मी ९ व्होल्टचा अडॅप्टर दिला होता, त्यामुळे बोर्डवरचा रेग्युलेटर नीट ५ व्होल्ट देत होता. दुसरा अडॅप्टर नव्हता म्हणून त्या डब्याला मोबाईलचा जुना चार्जर आणि लांबच लांब बारीक यूएसबी केबल.

०.३ व्होल्टने एवढं काय बिघडतं?

आता नीट बघू या. सेन्सर व्होल्टेज देतो, चिप त्याचा आकडा करते. एटीमेगा३२८पी हे काम १० बिटांत करते, म्हणजे शून्य ते १०२३ असे १०२४ टप्पे. पण हे टप्पे कशाचे? तुम्ही काही सांगितलं नाही, तर चिप आपल्यालाच मिळणाऱ्या पुरवठ्याचे टप्पे पाडते. म्हणजे पुरवठा हीच तिची मोजपट्टी. पट्टी आखडली की तीच वस्तू लांब दिसणार.

एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. २५ अंशांना २५० मिलिव्होल्ट. पुरवठा ५ व्होल्ट असेल तर हे साधारण ५१ टप्पे होतात. पुरवठा ४.७ असेल तर साधारण ५४. पण माझ्या प्रोग्रॅममध्ये, इंटरनेटवरच्या बहुतेक उदाहरणांत असतो तसा, ५.० हा आकडा पक्का लिहिलेला. मग ५४ टप्प्यांचे झाले २६.४ अंश. ही चूक टक्क्यांत असते, सहा टक्क्यांहून थोडी जास्त. म्हणून पहाटे २२ अंशांना ती १.४ आणि दुपारी ३८ अंशांना २.४. दुपारी वाढणारा माझा तो सुरेख फरक बराचसा यातूनच आला होता.

तुम्ही म्हणाल, इतकी रीडिंग घेतली होती, सरासरीत चूक गेली नाही? नाही. सरासरीने इकडेतिकडे डगमगणारी चूक कमी होते. एकाच बाजूला झुकलेली चूक दहा हजार रीडिंग घेतली तरी तशीच उरते, आणि वर तुमचा आत्मविश्वास वाढवते.

गंमत बघा, मी एलएम३५ ऐवजी साधा थर्मिस्टर आणि एक रेझिस्टर वापरला असता, तर ही चूक झालीच नसती. त्या जोडणीला व्होल्टेज बोर्डच्याच ५ व्होल्टमधून मिळतं. पुरवठा उतरला की सेन्सरचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरतं, पट्टीही उतरते, आणि गुणोत्तर कायम राहतं. एलएम३५ मात्र पुरवठा थोडा खालीवर झाला तरी आपलं व्होल्टेज बदलत नाही. सेन्सर जास्त शिस्तीचा, म्हणून पट्टीचा दोष उघडा पडला. महाग भाग बसवला की मोजमाप आपोआप सुधारतं, असं नसतं ते यासाठी.

मग करायचं काय?

पहिलं, पट्टी बदला. या चिपच्या आत १.१ व्होल्टचा स्वतःचा संदर्भ असतो, प्रोग्रॅममध्ये एका ओळीत तो निवडता येतो. त्याचा एक टप्पा साधारण १.०७ मिलिव्होल्टचा. म्हणजे आधी अर्ध्या अंशाची पायरी होती, ती आता एक दशांशाची झाली. मात्र हा संदर्भ प्रत्येक चिपमध्ये नेमका १.१ नसतो, १.० ते १.२ मध्ये कुठेही असू शकतो. म्हणून एरेफ पिनेवर मल्टिमीटर लावून तुमच्या चिपचा आकडा एकदा मोजा आणि तोच प्रोग्रॅममध्ये घाला. संदर्भ बदलल्यावरची पहिली काही रीडिंग सोडून द्या.

दुसरं, डबे जागेवर टांगण्याआधी दोन दिवस एकाच टेबलावर शेजारी ठेवा, आणि तेही प्रत्यक्ष वापरायच्या चार्जर-केबलसकट. दोन्ही एकच हवा मोजतायत, तेव्हा जो फरक दिसेल तो तुमच्या उपकरणांचा.

तिसरं, लॅबमधल्या चांगल्या थर्मामीटरशी तीन-चार तापमानांना पडताळा. यात दोन खड्डे आहेत. एलएम३५ साध्या जोडणीत २ अंशांच्या खाली मोजत नाही, त्यामुळे बर्फाच्या पाण्यात शून्य शोधू नका. आणि उकळत्या पाण्याला डोळे झाकून १०० म्हणू नका. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. कोमट पाण्याची भांडी बरी, पण सेन्सरचे पाय पाण्यापासून नीट झाका.

चौथं, पायरी आणि अचूकता यांत गल्लत करू नका. डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर ०.०६२५ अंशाच्या पायरीने आकडा देतो, पण कंपनी हमी देते ती उणे १० ते ८५ अंशांत अधिक-उणे अर्ध्या अंशाची. दशांशानंतरचे चार आकडे प्रबंधात छापलेत तर व्हायव्हात कुणीतरी विचारणारच.

पाचवं, वेळ. ऊनोच्या चिपला टिकटिक पुरवतो तो सिरॅमिक रेझोनेटर. त्यात अर्ध्या टक्क्याची चूक असली तरी दिवसाला सात मिनिटं होतात. शिवाय मिलिसेकंद मोजणारा आतला आकडा साधारण ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. लांबच्या प्रयोगाला डीएस३२३१ सारखं घड्याळ लावा. त्याची चूक वर्षाला मिनिटभर.

आणि काकू?

उपकरण बिघडलं की बंद पडतं, अशी आपली समजूत असते. मायक्रोकंट्रोलर बंद पडत नाही. तो आकडा देतच राहतो. डीएस१८बी२० ला मापनासाठी वेळ दिला नाही तर तो खुशाल ८५ अंश सांगतो, वायर सुटली तर नेहमीची लायब्ररी उणे १२७ देते. ते निदान ओळखू तरी येतात. ४०.४ ओळखू येत नाही. म्हणून मी आता फरक असा करते: छंदाच्या प्रोजेक्टमध्ये आकडा आला की काम झालं. संशोधनात तो किती चुकलेला असू शकतो हे सांगता आलं, की मग काम झालं.

मी पुन्हा गावात गेले. काकूंना सांगितलं की माझा आकडा चुकला होता, साडेतीन नाही, दुपारी साधारण एक अंश. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं आलीस. एका अंशासाठी नाही मी कर्ज काढणार. चुना मारीन यंदा." आणि लगेच विचारलं, "मग चुन्याने किती उतरतं?"

मी सांगितलं, मोजलेलं नाही. यंदा तिसरा डबा त्यांच्याच घरात आहे. टांगण्याआधी तो दोन दिवस बाकीच्या दोघांशेजारी, एकाच टेबलावर ठेवला होता.