लाल बी-275 आणि नागपूरचे मिस्त्री

हिंगणा एमआयडीसीतल्या महिंद्राच्या कारखान्यातून नवेकोरे ट्रॅक्टर ट्रेलरवर चढून बाहेरगावी रवाना होतात. नागपूरकरांना ते इतकं सवयीचं झालंय की कुणी मान वळवून बघत नाही. पण या ट्रॅक्टरांचा मूळपुरुष कोण, याचा शोध घेत गेलं की आपण एका लाल रंगाच्या, साध्या बांध्याच्या यंत्रापाशी पोचतो. त्याचं नाव इंटरनॅशनल बी-275. विदर्भातल्या खेड्यांत जुन्या माणसांशी ट्रॅक्टरचा विषय काढला की हे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. आज तो दिसला तर कोठ्याच्या कडेला किंवा वावराच्या धुऱ्यावर, कडुनिंबाखाली, टायर बसलेला आणि बॉनेटवर कोंबड्या चढलेल्या, असा दिसतो. काही मात्र अजून चालतात, आणि ते कसे चालतात, हा या लेखाचा विषय आहे.

ट्रॅक्टर या भागाला तसा आधीपासून ठाऊक होता. 1947 मध्ये केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली, ती अमेरिकन सैन्याने मागे सोडलेल्या ट्रॅक्टरांवर. काम होतं कांस गवताने गिळलेली जमीन खोल नांगरून मोकळी करण्याचं. 1949 मध्ये जागतिक बँकेने या कामाच्या यंत्रांसाठी भारताला एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं. ज्या मध्य प्रदेशात हे काम चाललं, त्याची राजधानी तेव्हा नागपूर होती. पण ती अजस्र यंत्रं सरकारची होती. शेतकऱ्याच्या स्वतःच्या दारात ट्रॅक्टर येण्याची वेळ पुढे यायची होती.

1963 मध्ये महिंद्र अँड महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. 1960च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत कांदिवलीला बी-275 तयार होऊ लागला. यंत्र मुळात इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचं. तिथे ते 1958 मध्ये बाजारात आलं होतं. 1977 मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली, पण 275 हा आकडा महिंद्राच्या ताफ्यातून आजही गेलेला नाही. इकडे मूळ कंपनीची गत बघा. इंटरनॅशनल हार्वेस्टरने आपला शेती-यंत्रांचा धंदा 1985 मध्ये विकून टाकला. तिने उभा केलेला यॉर्कशायरमधला डॉन्कास्टरचा ट्रॅक्टर कारखाना पुढे दुसऱ्या मालकांकडे जाऊन 2007 मध्ये बंद पडला. घराणं तिकडे संपलं आणि वंश इकडे, कांदिवलीत आणि हिंगण्यात वाढला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, आणि नागपुरात तिचा उल्लेखही कुठे होत नाही याचं वाईट वाटतं.

इंग्लंडात बी-275 दुरुस्त करणं हा छंद आहे. निवृत्त शेतकरी, शाळामास्तर, इंजिनिअर असे लोक गंजलेला ट्रॅक्टर विकत घेतात, घरामागच्या शेडमध्ये सुटा करतात, हिवाळाभर त्याच्याशी झटतात आणि उन्हाळ्यात जत्रांमध्ये, नांगरणीच्या स्पर्धांमध्ये उतरवतात. अमेरिकेत हाच नाद बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरांचा आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरनेच 1961 मध्ये ‘कब कॅडेट’ नावाचा सात अश्वशक्तीचा, एका सिलिंडरचा बागेचा ट्रॅक्टर काढला. त्याचे गिअर घेतले होते 1947च्या ‘फार्मॉल कब’ या लहान शेती-ट्रॅक्टरवरून. शहराबाहेर बंगला आणि मोठी हिरवळ असलेल्या कुटुंबांसाठी केलेलं हे यंत्र आज साठी ओलांडून गेलं, तरी त्याचे भक्त त्याचा एकेक नटबोल्ट जपतात. म्हणजे कब कॅडेट आणि आपला बी-275 हे एकाच घरातले चुलतभाऊ. आपल्याकडे बागेचा ट्रॅक्टर म्हटलं की काटोल, कळमेश्वर, वरुडच्या संत्राबागा डोळ्यांसमोर येतात. सहा-सहा मीटरवर लावलेल्या झाडांमधून, खाली झुकलेल्या फांद्या चुकवत फिरणारे पंधरा-वीस अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर गेल्या काही वर्षांत तिथे रुळले आहेत. ते जुने व्हायला अजून वेळ आहे. जपण्याची वेळ आज आली आहे ती बी-275ची.

हे यंत्र समजून घ्यायला सोपं आहे, आणि तेच त्याच्या दीर्घायुष्याचं कारण. चार सिलिंडर, 144 घनइंचाचं, म्हणजे सुमारे 2,360 सीसीचं डिझेल इंजिन, ताकद 35 अश्वशक्तीच्या आसपास. आठ गिअर पुढचे, दोन मागचे. संगणक नाही, सेन्सर नाही. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं किंवा कानाला ऐकू येतं. याचं डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर न पडता बाजूच्या लहान कप्प्यात पेटतं, त्यामुळे थंड इंजिनाला आधी ऊब द्यावी लागते. त्यासाठी हीटर प्लग. मे महिन्यात, नागपूरचा पारा 45 अंशांना टेकलेला असताना हीटरची कुणाला आठवणही होत नाही. डिसेंबरच्या पहाटे मात्र, पारा दहाच्या खाली उतरला की, हीटर दिल्याशिवाय इंजिन घशातल्या घशात खाकरतं आणि पांढरा धूर सोडून गप्प बसतं. यातली खोच अशी की चारही प्लग एका माळेत जोडलेले आहेत. एक जळाला की चारही बंद. नवशिका चारही नवे आणतो. जाणता मिस्त्री वायरचा तुकडा घेऊन एकेक प्लग वगळून बघतो आणि नेमका मेलेला तेवढा काढतो.

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला हात लावताना पहिला नियम एकच: सेल्फ मारायचा नाही. जाम झालेल्या इंजिनाला जोर लावला की रिंगा तुटतात, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोझल काढायचे, भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेलाचं मिश्रण सोडायचं आणि वाट बघायची. दोन दिवस, आठ दिवस, कधी महिना. मधूनमधून ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवायचं. एखाद्या सकाळी चाक बोटभर सरकतं. तेवढ्यावर खूश होऊन घाई केली तर केलेलं सगळं पाण्यात. तेलाच्या चेंबरचा बोल्ट उघडून आधी तेल निघतं की पाणी ते बघायचं. पाणी निघालं तर हेड गॅस्केट तरी गेलेलं असतं नाहीतर उघड्या सायलेन्सरमधून चार पावसाळे आत उतरलेले असतात. मग टाकीतला गाळ काढायचा, फिल्टर बदलायचे आणि डिझेलच्या वाटेतली हवा काढायची. हे काम क्रमानेच होतं: आधी फिल्टरचा बोल्ट सैल, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून निखळ धार आली की आवळायचा. मग पंपाचा स्क्रू, शेवटी नोझलच्या नळ्या. एक बुडबुडा जरी राहिला तरी इंजिन दोन फेरे घेऊन बंद पडतं.

काळ्या मातीने या यंत्राला जो त्रास दिला तो यॉर्कशायरमध्ये कुणाला माहीत नसेल. पावसाळ्यात चिखल पुढच्या हबमध्ये शिरतो, उन्हाळ्यात वाळून सिमेंटसारखा घट्ट होतो आणि बेअरिंग खाऊन टाकतो. किंगपिनचे बुश झिजतात, स्टिअरिंगला चार बोटं ढिलाई येते आणि सरळ तास धरणं अशक्य होतं. बुश आयता मिळाला नाही तर हिंगण्याच्या गल्ल्यांतला लेथवाला गनमेटलच्या दांड्यातून तो कातून देतो. जुना बुश आणि पिन त्याच्या हातात ठेवायची, तो व्हर्नियर लावून मोजतो आणि कामाला लागतो. क्रँक ग्राइंडिंग, बोअर, स्लीव्ह-पिस्टन, पंपाचं कॅलिब्रेशन, ही सगळी कामं करणारे हात या शहरात आहेत. सुटे भागही आहेत. या इंजिनाचे पिस्टन, स्लीव्ह, गॅस्केट अजून भारतात बनतात आणि इंग्लंडातले छंदिष्टसुद्धा त्यांच्या बी-275मध्ये पुष्कळदा भारतीय मालच बसवतात.

तरीही आपल्याकडे जे होतं ते दुरुस्ती, पुनरुज्जीवन नव्हे. याचा दोष मिस्त्रीला देता येत नाही. मृगाच्या तोंडावर ट्रॅक्टर आलेला असतो, शेतकऱ्याच्या डोक्यावर पेरणी असते. अशा वेळी मूळ डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसतो, दुसऱ्याच ट्रॅक्टरचे मडगार्ड कापून जोडले जातात, फुटलेल्या मीटरच्या जागी पत्र्याची चकती येते. ट्रॅक्टर वावरात जातो आणि घर चालतं. तीच त्या घडीची खरी गरज होती. पण असं चाळीस वर्षं होत गेलं की एकही यंत्र मूळ रूपात उरत नाही. जपणाऱ्याचं काम उलट दिशेने जातं. तो रंगाचे थर एकेक करून घासतो आणि कारखान्याचा मूळ लाल कुठे सापडतो ते बघतो. पितळी किंवा पत्र्याची नंबरप्लेट काढून रंगाच्या हातातून वाचवतो. जुना भाग चालण्यासारखा असेल तर नवा चकचकीत भाग बसवत नाही. आणि काढलेला प्रत्येक तुकडा खुणेची चिठ्ठी बांधून ठेवतो.

नागपूरला यंत्रं जपण्याची रीत नवी नाही. मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय 2002 मध्ये उघडलं. नागपूर–छिंदवाडा आणि नागपूर–नागभीडची अडीच फुटी गाडी आता धावत नाही, तरी तिची इंजिनं मुलांना तिथे बघायला मिळतात, कारण कुणीतरी वेळेवर ती भंगारात जाऊ दिली नाहीत. ट्रॅक्टरसाठी असा विचार अजून झालेला नाही. 2021 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने पन्नास वर्षांपुढच्या दुचाकी-चारचाकींसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आणली, ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेटही ठरवली. पण हौशी मोटारी आणि मोटरसायकलींसाठी आखलेल्या या नियमांत शेतातल्या यंत्राचा विचार दिसत नाही. ते नियम करणारे मंत्री नितीन गडकरी नागपूरचे खासदार, आणि दरवर्षी नागपुरात भरणारं ‘अ‍ॅग्रोव्हिजन’ प्रदर्शनही त्यांच्याच पुढाकाराचं. त्या प्रदर्शनात नव्या ट्रॅक्टरांच्या रांगेशेजारी चार जुने, चालू स्थितीतले ट्रॅक्टर उभे करणं अवघड नाही. महाराजबागेजवळचं कृषी महाविद्यालय 1906 पासून आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना एक बी-275 सुटा करून पुन्हा जोडायला दिला तर डिझेल इंजिन त्यांना कायमचं कळेल, आणि ज्यांच्या हातात ही विद्या आहे त्या साठीतल्या मिस्त्रींना शिकवायला बोलावता येईल.

बी-275 भंगारात वजनावर जातो. दीड टनाच्या आसपास लोखंड, त्याचे जे काय किलोमागे येतील ते. तुमच्या कोठ्यात, मामाच्या गावी किंवा शेजारच्या धुऱ्यावर असा लाल ट्रॅक्टर उभा असेल तर भंगारवाल्याला हो म्हणण्याआधी एवढं करा: सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला, चेसिस आणि इंजिन नंबर वहीत लिहून ठेवा, आरसी बुक शोधा, आणि जवळच्या जुन्या मिस्त्रीला एकदा बोलावून दाखवा. सेल्फ मात्र मारू नका.