कुठली ‘इंडिका’?

लालबागेतल्या झाडांवरच्या नावांच्या पाट्या वाचायचा मला जुना नाद आहे. बसवनगुडीत राहायला आल्यापासून सकाळची फेरी तिकडेच असते, आणि फेरी कमी, वाचन जास्त अशी तिची तऱ्हा. आंबा म्हणजे ‘मँगिफेरा इंडिका’. ठीक. चिंच म्हणजे ‘टॅमरिंडस इंडिका’. इथे मी पहिल्यांदा अडखळलो, कारण चिंच मूळची आफ्रिकेतली. झाडांना लॅटिन नावं देणाऱ्या लिनियसने तिला हिंदुस्थानच्या खात्यावर मांडलं आणि आजतागायत कुणी ती नोंद खोडलेली नाही. तेव्हापासून ‘इंडिका’ हा शब्द दिसला की मी जरा सावध होतो.

हा सावधपणा गांजाच्या कामी येईल असं मात्र वाटलं नव्हतं. माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तिथे 1 जानेवारी 2018 पासून प्रौढांना गांजा दुकानातून राजरोस विकत मिळतो. मागे एकदा आला तेव्हा त्याने फोनवर त्याच्या गावातल्या दुकानाचं दरपत्रक दाखवलं. ब्लू ड्रीम, सॉर डीझल, ओजी कुश. उडप्याच्या हॉटेलातल्या डोशांइतके प्रकार, आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक शिक्का: सटिवा, इंडिका नाहीतर हायब्रिड.

“सोपं आहे मामा. सटिवा घेतली की तरतरी, इंडिका घेतली की झोप.”

“आणि आपला नगरचा, साताऱ्याचा गांजा यात कुठे बसतो?”

“इंडिकात. नावातच आहे की!”

उत्तर चूक होतं. किती चूक, हे उकलण्यात माझी दोन वर्षं गेली.

लिनियसने 1753 मध्ये ‘कॅनॅबिस सटिवा’ हे नाव दिलं ते युरोपात धाग्यासाठी पेरल्या जाणाऱ्या उंच, सरळ झाडाला. ‘सटिवा’ म्हणजे नुसतं ‘पेरलेलं’. 1785 मध्ये लामार्क या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञासमोर हिंदुस्थानातले नमुने आले. ते सॉनेरा या त्याच्याच देशबांधवाने धाडलेले होते. हे झाड बुटकं, फांद्याफांद्यांचं, खोड टणक, धागा निघण्याची आशा नाही, वास उग्र. शिवाय ते चढतं. लामार्कने त्याला वेगळं काढलं आणि ‘कॅनॅबिस इंडिका’ म्हटलं. म्हणजे मूळची इंडिका ही आपली, अरुंद पानांची, देशी.

मग दरपत्रकातली झोप आणणारी, रुंद पानांची इंडिका कुठून आली? अफगाणिस्तानातून. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड इव्हान्स शुल्टीस 1971 च्या अखेरीस तिकडे गेले, तिथली ठेंगणी, रुंद पानांची झाडं पाहिली आणि हीच ती इंडिका असं ठरवून मोकळे झाले. पुढे बी विकणाऱ्यांनी तेच उचललं. उरलेल्या अरुंद पानांच्या मादक जाती ‘सटिवा’च्या खोक्यात गेल्या. आज हिशेब असा आहे की लामार्कने ज्या झाडाला हिंदुस्थानचं नाव दिलं, ते झाड अमेरिकी दुकानात सटिवा म्हणून विकलं जातं आणि काबूल-कंदाहारचं झाड इंडिका म्हणून. चिंचेची कथा बरी म्हणायची.

शुल्टीस हा गृहस्थ मला फार आवडतो, पण या प्रकरणात त्याचं वागणं निव्वळ शास्त्रार्थाचं होतं असं म्हणवत नाही. त्या काळी अमेरिकेच्या कायद्यात बंदी होती ती ‘कॅनॅबिस सटिवा एल.’वर (एल. म्हणजे लिनियस). वकिलांना फट सापडली: जप्त झालेला पाला सटिवाच आहे, इंडिका नाही, हे सरकारने सिद्ध करावं! वाळलेल्या चुऱ्यावरून ते कोण सिद्ध करणार? शुल्टीस बचावाच्या बाजूने साक्षीला उभे राहिले: जाती एकाहून अधिक आहेत. समोर कॅनडाचे अर्नेस्ट स्मॉल: जात एकच, बाकी सगळे तिचे भेद. वनस्पतिशास्त्रातला जातिभेद फौजदारी कोर्टात लढवला गेल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही. न्यायालयांनी बहुतेक ठिकाणी ही पळवाट बुजवली. कायदा करणाऱ्यांच्या मनात गांजाचं प्रत्येक झाड होतं, असं म्हणून विषय संपवला.

स्मॉल जिंकले, पण त्यांच्या विजयाची गंमत पुढेच आहे. मादक झाड आणि धाग्याचं झाड यांत कुठेतरी रेघ ओढायला हवी म्हणून 1976 च्या निबंधात त्यांनी आणि सहलेखक क्रॉन्क्विस्ट यांनी टीएचसी या मादक द्रव्याच्या 0.3 टक्क्यांवर ती ओढली. रेघ सोयीची आहे, निसर्गाने आखलेली नाही, हे स्मॉल स्वतःच सांगत. तरी अमेरिकेच्या 2018 च्या शेतीकायद्यात तीच आणि आपल्या उत्तराखंडाच्या धाग्याच्या झाडाच्या परवान्यातही तीच.

आता दरपत्रकाचा प्रश्न: निवडायचं कशावरून? 2021 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी सुमारे तीनशे नमुने तपासले. दुकानातले सटिवा-इंडिका हे शिक्के आणि झाडांचं आनुवंशिक नातं यांचा मेळ बसेना. जुळलं ते काही सुगंधी द्रव्यांपुरतं, म्हणजे लोक वासावरून नाव ठेवत आले असणार. यापेक्षा स्मॉल यांनीच 1973 मध्ये सहकाऱ्यासोबत मांडलेली विभागणी कामाची: टीएचसी भरपूर असलेलं, टीएचसी आणि सीबीडी (हे दुसरं द्रव्य, न चढणारं) दोन्ही असलेलं, सीबीडी भरपूर असलेलं. जिथे कायद्याने मुभा आहे तिथे शहाण्याने वेष्टनावरचे हे दोन आकडे वाचावेत, नाव वाचूच नये. आणि घेण्याची रीत पाहावी. धूर काही मिनिटांत चढतो. पोटातून घेतलेलं अर्धा तास ते दोन तास घेतं. महाशिवरात्रीला ‘काहीच होत नाही बुवा’ म्हणत भांगेचा दुसरा पेला लावणाऱ्याची पुढची रात्र कशी जाते, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. घरात कुणाला मनोविकार झालेला असेल किंवा वय कोवळं असेल, तर निवडीचा प्रश्नच येत नाही.

इथपर्यंत आलो आणि मग मला माझं घबाड सापडलं. इंग्रज सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीला नेमलेल्या 1893-94 च्या ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’चा अहवाल. 1,193 साक्षीदार, जाडजूड खंड. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सदस्यांत तीन हिंदी. माफक सेवनाने फारसं बिघडत नाही, हा त्याचा निष्कर्ष हल्ली सगळीकडे फिरतो. दोघा हिंदी सदस्यांनी, मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद आणि ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय यांनी, त्याला असहमती नोंदवली होती, हे मात्र फिरत नाही. रायांची जमीनदारी राजशाहीतली, आणि बंगालचा सरकारी गांजा पिकायचा तोही राजशाहीतल्याच नौगावात. दारचं पीक पाहिलेल्या माणसाला आयोगाचं मत पटलं नाही, याला माझ्या लेखी वजन आहे.

आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरंही उलटीपालटी केली. 1892 साली गांजाने वेडे झालेले म्हणून 222 रुग्ण नोंदले होते. एकेकाची चौकशी केल्यावर उरले 98. ‘कारण’ या रकान्यात माणसाला आणून सोडणारा पोलीस सुचेल ते लिहीत असे, आणि गांजा चटकन सुचत असे. शिक्का आधी, तपास नंतर. दरपत्रकाचीच रीत.

पण मी रेंगाळलो तो आयोगाच्या सत्तर प्रश्नांपैकी दुसऱ्यावर. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातले डेव्हिड प्रेन (पुढे हे लंडनच्या क्यू उद्यानाचे संचालक झाले) यांनी केलेल्या व्याख्या त्यात मांडून साक्षीदाराला विचारलं होतं: तुमच्या प्रांतात या चालतात का, आणि तुमच्याकडे काय म्हणतात? व्याख्या अशा. भांग, सिद्धी, सबजी म्हणजे वाळलेली पानं. झाड नर असो की मादी. चरस म्हणजे झाडावरचा चीक. गांजा म्हणजे लागवडीच्या मादी झाडाचे, बी धरू न दिलेले, चिकाने माखलेले तुरे. त्यातही पायांनी तुडवलेला तो चपटा, वळलेला तो गोल, आणि तुटलेला तो चूर.

यात सटिवा नाही, इंडिका नाही. झाडाचा कोणता भाग आणि त्याला हात कसा लागला, एवढंच. ‘बी धरू न दिलेले’ या चार शब्दांत तर अख्खी विद्या आहे. नर झाड शेतात राहिलं की पराग उडतो, मादी बी धरते आणि चीक आटतो. म्हणून नौगावात त्यासाठी खास पारखी बोलवत. त्याला पोद्दार म्हणत. तो ओळीओळीने फिरून फुलण्याआधीच नर झाडं उपटून टाकी. अमेरिकेत 1970 च्या दशकात ‘सिन्सेमिया’, म्हणजे बिनबियांचा, या स्पॅनिश नावाने जो माल नवलाईचा ठरला, ती हीच युक्ती. मुंबई इलाख्यात ही शेती मुख्यतः नगर आणि सातारा जिल्ह्यांत, मध्य प्रांतात निमाडातल्या खांडवा तालुक्यात. भाच्याला विचारलेल्या माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर म्हणून हे: नगरचा गांजा सटिवात बसत नाही, इंडिकात बसत नाही, तो ‘गांजा’त बसतो.

आणि आजचा आपला कायदाही तेच मानतो. अमली पदार्थांवरच्या 1985 च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे-फळांचे तुरे. तुरे सोबत नसतील तर पानं आणि बिया वगळलेल्या. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारातली व्याख्याही अशीच. शुल्टीसची पळवाट इथे उघडतच नाही; दुसरी उघडते. 2022 च्या जूनमध्ये बेंगळूरच्या बेगूर पोलिसांनी एकाकडून 29 किलो भांग आणि 400 ग्रॅम गांजा पकडला. ऑगस्टमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या न्या. के. नटराजन यांनी जामीन दिला: भांग चरसापासून किंवा गांजापासून केल्याचं दाखवणारं काही समोर नाही, आणि राहिलेला गांजा अल्प मात्रेत येतो. आधाराला मुंबई उच्च न्यायालयाचा 2002 चा निकालही होता. प्रेनसाहेबांची पानं आणि तुरे सव्वाशे वर्षांनी बसवनगुडीपासून तासाभराच्या अंतरावर पुन्हा वेगळे निवडले गेले. (यावरून भांग मोकळी झाली असं कुणी समजू नये. राज्यांचे अबकारी कायदे आहेतच. अल्प मात्रेतल्या गांजालाही वर्षभराची कैद होऊ शकते.)

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी आमच्या दोड्ड बसवण्णाच्या देवळापुढे कडलेकाई परिषे भरते. शेंगांची जत्रा. बुल टेंपल रोडच्या दोन्ही कडांना पोत्यांवर ढीग: कच्च्या, उकडलेल्या, भाजलेल्या. गेल्या वर्षी भाचा सोबत होता. माझ्या नेहमीच्या आजीबाईंनी एक शेंग अंगठ्याने फोडून त्याच्यापुढे धरली. त्याने विचारलं, ही कुठली व्हरायटी? मी कन्नडमध्ये उलथा केला. आजीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तिन्नप्पा.” खा बाबा.

त्या आयोगाच्या अहवालाचे खंड नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मुंबई इलाखा आणि वऱ्हाडच्या साक्षी सातव्या खंडात आहेत. नगर, सातारा, खांडव्याकडच्या वाचकांना एकच विनंती: वाड्यातल्या जुन्या दप्तरात गांजाच्या लागवडीचा किंवा वखारीचा परवाना, पावती, हिशेबाचं पान सापडलं तर लाजून चुलीत घालू नका. संपादकांच्या पत्त्यावर एक प्रत पाठवा. त्यात मालाला काय म्हटलंय, ते मला वाचायचं आहे.